खेचरांच्या वाटेवरून सायकलींचा जथा

कालवा हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर खडकवासल्याहून निघून पुण्यातून पुढे जाणारा मुठा उजवा कालवा, नाहीतर बारामतीच्या रानातून वाहणारा नीरा डावा कालवा उभा राहतो. हे कालवे शेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी काढलेले आहेत. त्यांच्या काठाची कच्ची वाट ही पाटबंधारे खात्याच्या देखरेखीची वाट. पहाटे फिरायला जाणारे आणि शाळेची पोरे तिचा वापर करतात खरा, पण ती त्यांच्यासाठी नाही. युरोप-अमेरिकेतील जुने कालवे मात्र मालवाहतुकीसाठी खणलेले होते. त्यांच्या काठाची वाट हा कालव्याचाच एक अवयव होता. तिच्यावरून घोडे अथवा खेचरे चालत आणि दोराने बांधलेली नाव पाण्यातून ओढून नेत. इंग्रजीत या वाटेला टोपाथ म्हणतात. मराठीत तिला ओढवाट म्हणता येईल.

नावा गेल्या, खेचरे गेली. अनेक ठिकाणी पाणीही गेले. ओढवाटा मात्र उरल्या आणि मित्रमंडळींनी जथ्याने सायकल चालवण्यासाठी त्यांच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांच्या ध्यानात आले. ब्रिटनमधील शेकडो मैलांच्या ओढवाटा, फ्रान्समधील कनाल द्यू मिदीचा झाडीचा काठ, न्यूयॉर्क राज्यातील ईरी कालव्याची वाट ही त्याची उदाहरणे होत. परंतु अमेरिकेच्या राजधानीत सुरू होऊन पोटोमॅक नदीच्या काठाने मेरीलँड राज्यातील कंबरलँड या गावापर्यंत जाणारी चेसापीक अँड ओहायो कालव्याची ओढवाट या सर्वांत वेगळी ठरते. तिची लांबी १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात मोटारीचा रस्ता तिच्यावर कोठेही चालत नाही. ती तशी राहिली याचे कारण एका पदयात्रेत आहे. त्या पदयात्रेकडे वळण्यापूर्वी कालव्याची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण सायकलस्वाराला जे सुख मिळते ते या रचनेतूनच आलेले आहे.

सपाटपणाचे रहस्य

जनावराने ओढायची नाव स्थिर पाण्यातच चालू शकते. म्हणून कालव्याचे पाणी जवळजवळ सपाट ठेवावे लागते आणि जेथे जमीन उतरते तेथे पाण्याची पायरी करावी लागते. ही पायरी म्हणजे जलपाश. दगडी भिंतींची एक अरुंद पेटी आणि तिच्या दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे, असे त्याचे रूप असते. नाव आत आली की दरवाजे लावायचे, पाणी सोडायचे किंवा भरायचे आणि नाव वरच्या अथवा खालच्या पातळीवर गेली की दुसरा दरवाजा उघडायचा. चेसापीक अँड ओहायो कालव्यावर असे ७४ जलपाश बांधण्यात आले. जॉर्जटाऊन ते कंबरलँड या संपूर्ण अंतरात चढ आहे केवळ ६०५ फुटांचा, म्हणजे सरासरीने प्रत्येक जलपाशाला आठ फूट.

ओढवाट पाण्याला लागूनच असल्याने तीही तितकीच सपाट. जलपाशाजवळ पाच-पन्नास पावलांचा उतार येतो, पुन्हा मैलोगणती सपाटी. खेचराची दमछाक होऊ नये म्हणून अभियंत्यांनी जो हिशेब केला, त्याचा लाभ आज साठीतल्या सायकलस्वाराला आणि दहा वर्षांच्या मुलालाही मिळतो. एरवी मित्रांचा जथा सायकलवर निघाला की पहिल्याच घाटात त्याचे तीन तुकडे होतात. तयारीचे पुढे, हौशी मध्ये आणि उरलेले सायकल हातात धरून मागे. ओढवाटेवर घाटच नाही. त्यामुळे सर्वांनी बरोबर राहणे येथे शक्य होते.

एका दिवशी दोन कुदळी

४ जुलै १८२८ रोजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी वॉशिंग्टनजवळ या कालव्याच्या कामाचा आरंभ केला. फावडे मुळावर आपटले, तेव्हा त्यांनी अंगातला कोट काढला आणि पुन्हा जोर लावला, असा प्रसंग नोंदलेला आहे. त्याच दिवशी शेजारच्या बाल्टिमोर शहरात बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवण्यात आला. तो बसवणारे चार्ल्स कॅरोल हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी हयात असलेले अखेरचे गृहस्थ. दोन्ही उद्योगांचे लक्ष्य एकच होते. अ‍ॅलेघेनी पर्वत ओलांडून ओहायो नदीच्या खोऱ्यातील माल पूर्वेकडे आणणे.

पॉइंट ऑफ रॉक्स येथे डोंगर आणि नदी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवरून दोघांत वाद पेटला आणि तो न्यायालयात गेला. १८३२ मध्ये निकाल कालव्याच्या बाजूने लागला, पण शर्यत रेल्वेने जिंकली. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोचली. कालवा पोचला १८५० मध्ये, आठ वर्षांनी. तोवर सुमारे एक कोटी दहा लाख डॉलर खर्ची पडले होते. १८३२ च्या पटकीच्या साथीत मजूर मेले होते आणि १८३४ मध्ये आयरिश मजुरांच्या दोन गटांतील मारामाऱ्या आवरण्यासाठी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना सैन्य पाठवावे लागले होते. ओहायोपर्यंत जाण्याचा बेत कंबरलँडलाच संपला. कालव्याच्या नावातील ओहायो नावापुरताच उरला.

तरीही पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षे या पाण्यातून मुख्यत्वे कोळसा वाहिला गेला. सव्वाशे टनांच्या आसपास भार घेणारी नाव दोन-तीन खेचरे ओढत. सहा तासांनी पाळी बदले आणि थकलेली खेचरे नावेच्याच पुढच्या भागातील तबेल्यात विसावा घेत. नावाड्याचे सारे कुटुंब नावेवरच राहत असे आणि खेचरांबरोबर ओढवाटेने चालण्याचे काम पुष्कळदा मुलांकडे येई. वेगाची मर्यादा होती ताशी चार मैल, कारण वेगाने उठणाऱ्या लाटांनी मातीचे काठ ढासळत. १८८९ च्या महापुराने कालव्याची कंपनी बुडाली आणि कारभार धनको म्हणून पुढे आलेल्या त्याच रेल्वेच्या हाती गेला. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची थांबली. १९३८ मध्ये केंद्र सरकारने वीस लाख डॉलरना हा मृत कालवा विकत घेतला. वॉशिंग्टनकडील पहिले बावीस मैल कृष्णवर्णीय तरुणांच्या श्रमपथकांनी दुरुस्त करून पुन्हा पाण्याने भरले. बाकीचे अंतर झाडोऱ्याच्या स्वाधीन झाले.

आठ दिवसांची पदयात्रा

दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ हा मोटारींचा काळ होता. कालव्याच्या पात्रात भर घालून त्यावरून निसर्गदर्शनासाठी मोटाररस्ता न्यावा, अशी योजना पुढे आली. जमीन सरकारचीच, चढउतार नाहीत आणि नदीचे दृश्य सोबतीला. कागदावर ती सोयीची वाटावी अशीच होती. ३ जानेवारी १९५४ रोजी वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांना या ओढवाटेने फिरण्याची सवय होती. त्यांनी त्याच वृत्तपत्राला पत्र लिहिले. अग्रलेख लिहिणाऱ्या संपादकाने आपल्याबरोबर कालव्याच्या काठाने संपूर्ण अंतर चालावे आणि मग मत बनवावे, असे आमंत्रण त्यात होते. संपादकांनी ते स्वीकारले. येथवरचा भाग दोन सुशिक्षित गृहस्थांमधील सभ्य वाद म्हणून संपला असता. परंतु पत्र छापून आल्यावर इतर अनेकांनी बरोबर येण्याची तयारी दाखवली आणि २० मार्च १९५४ रोजी कंबरलँडहून ५८ जणांचा जथा निघाला. त्यात निसर्गअभ्यासक ओलाउस म्यूरी, लेखक सिगर्ड ओल्सन यांच्यासारखे लोक होते, भूगर्भशास्त्र आणि पक्षी यांचे जाणकार होते, पत्रकार होते. वाटेतील गावांनी त्यांना जेवणे दिली. पावसाळी, गारठ्याच्या हवेत दिवसाला सरासरी सदतीस किलोमीटर चालणे झाले. पायांना फोड आले. संपादक मंडळींना काही दिवसांनी माघार घ्यावी लागली. २७ मार्चला जथा वॉशिंग्टनला पोचला, तेव्हा पहिल्यापासून अखेरपर्यंत चाललेल्यांची संख्या होती नऊ. पंचावन्न वर्षांचे डग्लस त्यांच्यात होते.

वॉशिंग्टन पोस्टने आपली भूमिका बदलली. हा बदल संपूर्ण शरणागतीचा नव्हता; काही भागात रस्ता चालेल असे त्यांचे म्हणणे राहिले. परंतु कालवा आणि ओढवाट यांचे जतन झाले पाहिजे, हे वृत्तपत्राने मान्य केले. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, राष्ट्रीय उद्यान सेवेने मोटाररस्त्याची योजना सोडली. १९६१ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कालव्याच्या वरच्या भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि ८ जानेवारी १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांच्या सहीने संपूर्ण कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. पुढे, १९७७ मध्ये, हे उद्यान डग्लस यांना अर्पण करण्यात आले.

या घटनेची आठवण सांगताना न्यायमूर्तींच्या अधिकारावर भर देण्याची प्रथा आहे. डग्लस यांनी कोणताही निकाल दिला नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यांनी विरुद्ध मताच्या माणसाला सोबत बोलावले, एवढेच केले. मोटारीतून पाहिलेली नदी आणि पायाखालून गेलेली नदी यांतला फरक युक्तिवादाने पटण्यासारखा नव्हता.

कंबरलँडहून निघताना

सायकलस्वारांचे जथे बहुधा डग्लस यांचीच दिशा धरतात. कंबरलँडहून वॉशिंग्टनकडे जाताना ६०५ फुटांचा उतार वाटणीला येतो. तो २९७ किलोमीटरमध्ये विखुरलेला असल्याने पायांना फारसा कळत नाही, तरी मनाला बरे वाटते. कंबरलँडला पोचण्यासाठी वॉशिंग्टनहून अ‍ॅमट्रॅकची प्रवासी रेल्वे आहे. सायकलसाठी जागा आधी राखून ठेवावी लागते. ही गाडी ज्या मार्गाने जाते तो जुन्या बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचाच मार्ग. कालव्याच्या उगमाशी जायचे ते कालव्याला हरवणाऱ्या रेल्वेत बसून, असा हा योग आहे.

दुसरा मार्ग पिट्सबर्गहून येतो. त्या बाजूच्या बंद पडलेल्या लोहमार्गांवर ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज ही १५० मैलांची सायकलवाट तयार झाली आणि २०१३ मध्ये तिचा अखेरचा तुकडा पूर्ण झाला. कंबरलँडला ती ओढवाटेला मिळते. दोन्ही मिळून सुमारे ५४० किलोमीटरचा मोटारमुक्त मार्ग होतो. ज्या ओहायो नदीपर्यंत कालव्याला जायचे होते ती पिट्सबर्गलाच उगम पावते. नावा तेथवर पोचल्या नाहीत, सायकली पोचल्या.

ओढवाटेचा जथा चार ते सहा दिवसांचा बेत करतो. पहिल्या दिवशी लिटल ऑर्लीन्स, दुसऱ्या दिवशी विल्यम्सपोर्ट, तिसऱ्या दिवशी ब्रन्सविक असे सत्तर-बहात्तर किलोमीटरचे टप्पे पडतात. त्यानंतर राहतात ५५ मैल. ते एका दिवसात उरकणारे उरकतात, शहाणे लोक त्यासाठी दोन दिवस घेतात. सपाट वाटेवर रोज सत्तर किलोमीटर म्हणजे काहीच नाही, असा हिशेब घरी बसून केला जातो आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी चुकलेला असतो. उतार नसलेल्या वाटेवर पायडल मारणे क्षणभरही थांबवता येत नाही. खोगीरावरची बैठक बदलण्याचे निमित्तच मिळत नाही. त्यातच ही वाट डांबरी नाही. माती, बारीक खडी, झाडांची मुळे आणि पावसानंतर चिखल असा तिचा पृष्ठभाग आहे. अलीकडच्या वर्षांत काही टप्प्यांवर दगडाच्या चुऱ्याचा थर देऊन ती सुधारली असली, तरी अरुंद टायरची शर्यतीची सायकल येथे कामाची नाही. चिकणमाती मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये बसली की चाक फिरायचे थांबते आणि काटकीने माती उकरण्याचे काम सर्वांनी मिळून करावे लागते.

बऱ्याच अंतरात वाटेवर चाकोऱ्यांच्या दोन पट्ट्या आणि मधोमध गवत असते. दोन मित्रांना शेजारी-शेजारी, बोलत जाता येईल अशी ही रचना मोहात पाडणारी आहे. समोरून कोणी येत असेल, अथवा मागून कोणी घंटी वाजवली, तर लगेच एकेरी ओळ करावी असा नियम आहे. सायकलला घंटी हवीच. वेगमर्यादा ताशी १५ मैलांची. पादचारी आणि जनावरे यांना आधी वाट द्यायची, आणि जलसेतूंवरून सायकल हातात धरून चालत जायचे.

जथ्याच्या पुढे एक आणि शेवटी एक जाणता असावा, हे तत्त्व डोंगरातल्या भटकंतीप्रमाणे येथेही लागू आहे. पुढच्याचे काम वाट दाखवण्याचे नाही. वाट चुकण्याची सोयच नाही, कारण उजवीकडे नदी आणि डावीकडे कालवा. त्याचे काम वेग आवरण्याचे. शेवटच्याकडे पंप, जादा ट्यूब, पंक्चरचे सामान आणि मलमपट्टी असावी. पंक्चर नेहमी मागे राहिलेल्याच्याच सायकलला का होते, हे कोडे अनुभवी मंडळींनाही सुटलेले नाही. एकत्र येण्यासाठी जलपाश उपयोगी पडतात. ‘पुढच्या जलपाशाशी थांबायचे’ एवढे ठरलेले असले की पुरे. तेथे बहुधा जलपाश-रखवालदाराचे पांढरे घर असते, सावली असते, बसायला दगडी कठडा असतो. प्रत्येक मैलाला तपकिरी खांबावर आकडा लिहिलेला आहे. तो लक्षात ठेवण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, कारण लिटल ऑर्लीन्स ते पॉ पॉ या रानटी पट्ट्यात मोबाईलला पुष्कळदा रेंज नसते आणि मदत मागताना जागा सांगण्याचा दुसरा मार्ग उरत नाही. पाण्याचेही तसेच. तंबू टाकण्याच्या जागांवर हातपंप आहेत, पण हिवाळ्यात आणि पाण्याची तपासणी बिघडली तर त्यांचे दांडे काढून ठेवलेले असतात. कोरड्या पंपापाशी पोचलेल्या जथ्यात मैत्रीची खरी परीक्षा होते, असे म्हणायला हरकत नाही.

बोगदा, सेतू आणि कडा

कंबरलँडहून निघाल्यावर सुमारे २९ मैलांवर पॉ पॉ बोगदा येतो. पोटोमॅक नदी येथे घोड्याच्या नालाच्या आकाराची पाच वळणे घेते. ती टाळण्यासाठी डोंगर फोडून ३,११८ फुटांचा बोगदा काढण्यात आला. १८३६ मध्ये काम सुरू झाले. दोन वर्षांत ते होईल असा अंदाज होता. ते १८५० मध्ये संपले. कंत्राटदाराचे दिवाळे निघाले आणि साठ लाखांच्या आसपास विटा अस्तरासाठी लागल्या. आत ओढवाट अगदी अरुंद, एका बाजूला विटांची भिंत आणि दुसऱ्या बाजूला काळे पाणी व त्यावरचा लाकडी कठडा. तो कठडा नावांच्या दोरांनी घासून खाचा पडलेला आहे. सायकलवरून उतरून, दिवा लावून, एकामागून एक चालत जावे लागते. मध्यावर पोचल्यावर दोन्ही टोकांचा उजेड नाण्याएवढा दिसतो आणि जथ्यातला बोलका माणूसही गप्प होतो.

एका वेळी एकच नाव जाईल एवढाच हा बोगदा रुंद. दोन नावा आत समोरासमोर आल्या, मागे कोण हटणार यावरून दोन्ही नावाडी अडून बसले आणि अखेर कालव्याच्या अधिकाऱ्यांनी धूर करून त्यांना बाहेर काढले, अशी आख्यायिका येथे सांगितली जाते. खरीखोटी कशीही असो, समोरून दुसरा सायकलींचा जथा आत शिरलेला पाहिला की ती आठवते. दरडी किंवा दुरुस्ती यांमुळे बोगदा कधी कधी बंद ठेवला जातो. तेव्हा डोंगरावरून चढून जाणारी पायवाट धरावी लागते. सपाटीची सवय झालेल्या पायांना तो चढ जड जातो. निघण्यापूर्वी उद्यान सेवेच्या सूचना पाहून घेणे म्हणूनच इष्ट.

पॉ पॉ हे नाव एका फळावरून आले आहे आणि मराठी माणसाला ते परके वाटू नये. हे झाड सीताफळ-रामफळाच्या कुळातले. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत ओढवाटेच्या कडेला हिरवट-पिवळी फळे पडलेली असतात. आतला गर पिवळा, मऊ, चमच्याने खाण्याजोगा आणि बिया मोठ्या, काळपट. वॉशिंग्टनच्या परिसरात राहणारी जी मराठी कुटुंबे या वाटेवर येतात, त्यांच्यापैकी ज्यांनी हे फळ चाखले त्यांना घरची आठवण आल्याशिवाय राहत नाही. अर्थात सीताफळाची सर त्याला नाही.

हॅनकॉक मागे टाकून विल्यम्सपोर्टला पोचले की कॉनोकोचीग ओढ्यावरचा जलसेतू लागतो. जलसेतू म्हणजे पाण्यावरून पाणी नेणारा पूल. या कालव्यावर असे अकरा आहेत. १९२० मध्ये एक नाव या सेतूच्या कठड्यावर आदळली, भिंत कोसळली आणि पाण्यासकट नाव खालच्या ओढ्यात पडली. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, सेतू दुरुस्त करून त्यात पुन्हा पाणी सोडण्यात आले. सर्वांत मोठा जलसेतू मात्र मोनोकसी नदीवरचा. सात कमानींचा, १८३३ मध्ये पूर्ण झालेला. यादवी युद्धात, सप्टेंबर १८६२ मध्ये, दक्षिणेच्या सैन्याने तो उडवण्याचा प्रयत्न केला. दगड इतका पक्का निघाला की त्यांना तो नाद सोडावा लागला.

विल्यम्सपोर्टनंतरचा बिग स्लॅकवॉटर हा टप्पा वेगळ्या कारणासाठी सांगण्यासारखा आहे. येथे नदीला लागून उभा कडा असल्याने कालवा खणताच आला नाही. बंधारा घालून नावा नदीतूनच नेल्या आणि ओढवाट कड्याच्या पायथ्याशी चिकटवली. १९७२ आणि १९९६ च्या पुरांनी तिची वाताहत केली. पुढे अनेक वर्षे सायकलस्वारांना मोटारींच्या अरुंद, वळणांच्या रस्त्याने वळसा घालून जावे लागत होते. २०१२ मध्ये नदीवर काँक्रीटची पायवाट बांधून हा खंड सांधला गेला. आज पाण्यापासून हातभर उंचीवरून, कड्याला खेटून जाताना दोन-अडीच किलोमीटर कोणी घाई करत नाही.

हार्पर्स फेरी नदीपलीकडे आहे. रेल्वेपुलाच्या कडेच्या पादचारी मार्गाने तेथे जाता येते. जॉन ब्राऊन यांनी १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध केलेल्या उठावाचे हे गाव. डिसेंबर २०१९ मध्ये मालगाडीचे डबे घसरून हा पादचारी मार्ग मोडला होता. २०२० च्या जुलैत तो पुन्हा खुला झाला.

या वाटेला एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. उन्हाळ्यात दमट उकाडा आणि डास यांचा जाच होतो. कडेच्या झुडपांत खाज आणणारी पॉयझन आयव्ही आणि गवतात गोचिडी असतात. संध्याकाळी सर्वांनी पाय तपासावेत. पोटोमॅकला पूर आला की वाटेचे तुकडे बंद होतात, मग ती कोणत्याही ऋतूत असो.

शून्य मैल

अखेरच्या वीस-बावीस मैलांत कालव्यात पुन्हा पाणी दिसू लागते. ओंडक्यांवर कासवे ऊन खात बसलेली असतात, मोठे निळे बगळे उथळ पाण्यात उभे असतात. ग्रेट फॉल्सपाशी नदी खडकांतून कोसळते आणि कालवा सहा जलपाशांच्या पायऱ्यांनी शांतपणे खाली उतरतो. येथून गर्दी वाढते. बाबागाड्या, कुत्री, धावणारे, शाळेच्या सहली. चार दिवस रानातून आलेल्या जथ्याला ही माणसे अडथळा वाटू लागतात. वास्तविक या भागात सर्वाधिक तक्रारी असतात त्या घंटी न वाजवता भरधाव जाणाऱ्या सायकलस्वारांच्याच.

जॉर्जटाऊनमध्ये कालवा जुन्या विटांच्या गोदामांमधून जातो. ओढवाट तेथे अरुंद होते आणि मधल्या पुलांवर काही ठिकाणी सायकल उचलून न्यावी लागते. पुष्कळ जथे येथेच छायाचित्रे काढतात आणि प्रवास संपला असे समजून पांगतात. प्रत्यक्षात शून्य मैलाचा खांब आणखी पुढे आहे, रॉक क्रीक हा ओढा पोटोमॅकला मिळतो तेथे. रस्ते ओलांडून, थॉम्पसन बोट सेंटर या नौकागृहाच्या मागच्या बाजूला जावे लागते. ठळक फलकाची अपेक्षा धरू नये. नौकागृहाच्या पलीकडे कालव्याचा पहिला जलपाश आहे, भरतीच्या पाण्यासाठी बांधलेला. त्याचे दगड गवतात आहेत, ओढ्यापलीकडे वॉटरगेटची इमारत दिसते आणि खांबाजवळ पाच-सहा सायकली आडव्या ठेवण्यापुरती जागा आहे.